दहापैकी किती

१० फेब्रुवारी १९६४
समाजकार्याच्या कॉलेजातली मुलगी आली, कुमुद. घरी म्हाताऱ्या माणसाचं करणाऱ्यांचं कसं चाललंय, त्याचा कागद भरायचा. झोप? म्हटलं, रात्री तीनदा जाग. भूक? बरी, पण मऊ भातच. हिंडणं-फिरणं? खाटेपासून खुर्चीपर्यंत. तिनं मुकाट लिहून घेतलं. अण्णा ऐकत होते. डावं अंग गेलं, कान शाबूत.

१३ फेब्रु., गुरुवार
कुमुद परत. "अक्का, हे सगळं वडिलांचं झालं. कागद तुमचा आहे." मी धन्य! शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं झाली, कशी आहेस विचारलं की अण्णांचीच तब्येत तोंडी येते. पण त्यांच्यासमोर दमते म्हणून कसं सांगायचं? "बरं आहे, बरं आहे" ठोकून दिलं. मग तिनं विचारलं, स्वतःसाठी बाहेर केव्हा गेलात.
खाटेवरून अण्णा: "दसऱ्याला. तेही माझं औषध आणायला, ते धरू नका. दमते ती. खरं लिहा."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोन वर्षं लपवलं ते म्हातारा रोज बघत होता. छातीवरची धोंड उतरली.
शेवटचा प्रश्न, आयुष्याला दहापैकी किती गुण. अण्णा म्हणाले चार, मी म्हटलं सहा. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस. चौकोन रिकामाच. कागद ठेवून गेली, महिन्यानं नेईल.

१४ फेब्रु.
अण्णांनी खिडकीतून शेजारच्या कानडी रंगम्मांना स्वतःच हाक मारली. गुरुवारी दुपारी माझ्यापाशी स्वल्प, थोडं, बसाल का? "सरी, सरी," म्हणत त्या लगेच कबूल झाल्या. मला नंतर कळवलं.

२० फेब्रु., गुरुवार
लालबागेत, झाडांच्या सावलीत दोन तास. काही केलं नाही. बाकावर बसून शेंगा खाल्ल्या, एकही दाणा कुणाला सोलून न देता. फार बरं वाटलं. हे लिहितानाही वाटतंय.
घरी आले तर अण्णांचं धोतर ओलं. रंगम्मांना सांगायची लाज वाटली, तासभर तसेच पडून. बदलताना म्हणाले, "तुलाही सांगणार नव्हतो. कळलं तर पुढच्या वेळी जायची नाहीस."

२६ फेब्रु.
सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, "उद्या जाणार ना?" अजून हो म्हटलेलं नाही. चपला मात्र पुसून दाराशी ठेवल्यात. त्यांना खाटेवरून दिसतात.