दोन डावे पंख

प्रिय व्याहीबुवा,

'प्रिय' लिहिलं ते हाताला वळण पडलंय म्हणून. त्यातून भलता अर्थ काढू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, आणि रविवारी माझ्या दुकानात जे झालं त्यानंतर तुमचा आवाज ऐकायची माझी तयारी नाही. कागदावर तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

आपल्या मुलांनी वेगळं व्हायचं ठरवलं. तुमचा मुलगा तुमच्याकडे परत आला, माझी मुलगी माझ्याकडे, आणि आपली नात दप्तर घेऊन या घरातून त्या घरात हिंडते आहे. तिने कायमचं कुठे राहायचं एवढंच ठरायचं बाकी आहे. त्यात तिने रिमोटवर उडणारं विमान स्वतः बांधायचा हट्ट धरला, आणि आपण दोघंही तिला आपल्या बाजूला ओढायची संधी चालून आली म्हणून खेळण्यांच्या दुकानात धावलो. नाही म्हणू नका. तुम्ही ताजी दाढी करून आला होतात.

आल्या आल्या तुम्ही सगळ्यात वरच्या फळीवरचं लढाऊ विमान खाली काढायला लावलंत. पंख पोटाखाली, चाकं आत ओढून घेणारं, खोक्यावर ढगांतून झेपावणारं चित्र. दुकानदाराने विचारलं, आधी कधी उडवलंय का? तुम्ही म्हणालात, "उडवलं नाही, पण विमानांचे फोटो पुष्कळ काढलेत." तो बिचारा हसला. मी साधं शिकाऊ विमान पुढे केलं. पंख पाठीवर, दोन्ही टोकं जराशी वर उचललेली. रिमोटच्या दांडीवरचा हात सोडला तर हे आपणहून सरळ होतं, असं तो सांगत होता, तेवढ्यात तुम्ही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "मास्तर, हे विमान आहे की इस्त्रीचं टेबल?" मी म्हटलं, नव्याने मशीनवर बसणाऱ्याला मी उशीचा अभ्रा शिवायला देतो, कोट देत नाही. त्यावर तुमचं उत्तर तयारच होतं: "म्हणूनच तुमच्याकडे कुणी टिकत नाही." माझी मुलगी तुमच्या घरात टिकली नाही, हे तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. नात शेजारी उभी होती म्हणून गिळलं.

तिने आपल्या दोघांकडे लक्षच दिलं नाही. खोकी उलटीपालटी करून मागची बारीक अक्षरं वाचत बसली आणि शेवटी माझंच इस्त्रीचं टेबल उचललं. मी तुमच्याकडे विजयाने पाहिलं, ते तुम्ही पाहिलंत. पण तिचं कारण माझं नव्हतं. "आबा, याचे तुटलेले भाग सुटे मिळतात," ती मला म्हणाली. "पहिल्यांदा पडणारच ना ते. मग जे दुरुस्त होतं तेच घेऊ." एवढ्याशा मुलीने नवी वस्तू घेताना आधी ती मोडल्यावर काय करायचं हे बघावं, याचं तुम्हाला काही वाटलं का ते मला माहीत नाही. तुम्ही रंगाची डबी निवडत होतात.

एकेक पंख एकेका आजोबाने बांधायचा, ही वाटणीही तिचीच. मधलं धड ती स्वतः बांधणार. का, तर "तुम्ही दोघं एका टेबलावर बसलात तर विमानाच्या आधी तुम्हीच उडाल." मी म्हणजे आबा डावा, तुम्ही म्हणजे आजोबा उजवा, असं बजावून तिने आपल्या हातात आराखड्याची एकेक प्रत दिली. कंपनीने एकाच पंखाचं चित्र छापलं होतं, डाव्याचं. उजव्यासाठी तोच झिरझिरीत कागद पालथा घालायचा होता. यात न समजण्यासारखं काय होतं, व्याहीबुवा?

पण नाही. तुम्ही जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलात. तुमच्या लेखी उजवं म्हणजे समोरून बघणाऱ्याचं उजवं. खोक्यावरचं विमान तुमच्याकडे तोंड करून होतं, त्याचा जो पंख तुमच्या उजव्या हाताला आला तो तुम्ही उजवा समजलात आणि कागद सुलटाच ठेवून बांधून टाकलात. अंगावर घालायच्या वस्तूचं डावं-उजवं घालणाऱ्याच्या बाजूने ठरतं, विमानाचं आत बसलेल्याच्या. मुलांच्या लग्नातला तुमचा कोट मी शिवला होता. तुमचा डावा खांदा उतरलेला आहे, तुमचा स्वतःचा डावा. त्या बाजूला गुपचूप जाड अस्तर घालून मी तो सरळ दिसेल असा केला. त्याच लग्नाच्या फोटोत तुम्ही माझा अर्धा कान कापलात.

असो. रविवारी तिने दोन्ही पंख माझ्या कापायच्या टेबलावर ठेवले. जोडून बघितले. तुमच्या पंखाची जाड कड पुढे आणली की त्याचं पोट वर येई, पोट खाली केलं की कड मागे जाई. तिने ते इतक्या वेळा फिरवून पाहिलं की मला बघवेना. मग तुम्ही तोंड उघडलंत: "मास्तर, तुमचा उलटा झालाय." माझा! मी आयुष्यात एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावलेल्या नाहीत!

त्यानंतर आपण जे बोललो ते पंखांबद्दल नव्हतं. तुम्ही म्हणालात, माझ्या मुलीला समोरच्याच्या जागेवरून कधी बघताच आलं नाही, बापावर गेली आहे. मी म्हणालो, तुमच्या मुलाला सगळं समोरून छान दिसलं की पुरे, आत काय उसवलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. यातला माझा शब्द मी मागे घेत नाही. तुम्हीही घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती तिथेच उभी होती. दोन्ही हातांत दोन पंख घेऊन तिने विचारलं, "मग आता यातला कुणाचा फेकायचा?"

आपण दोघंही एकदमच "त्यांचा" म्हणालो, आठवतं? तिने दोन्ही पंख खाली ठेवले. म्हणाली, "बाबा रोज विचारतो कुणाकडे राहणार. आईपण विचारते, वेणी घालताना, गोड बोलून. आता तुम्हीपण. मी नाही ठरवणार. काहीच नाही ठरवणार." आणि बूट घालून पायरीवर जाऊन बसली. तुम्ही तेवढ्यात तुमचा पंख उचलून मागच्या दाराने निघून गेलात. तिला आत आणायचं काम माझ्याकडे राहिलं. ती आली, जेवली, पण विमानाकडे फिरकली नाही. ते खोकं आता माझ्या दुकानात चिंध्यांच्या पोत्यावर पडून आहे.

म्हणून हे पत्र. मी माझा पंख सोडवला आहे. सांध्यांना पाणी लावून गोंद मऊ केला, ब्लेडने एकेक फासळी सुटी केली आणि कागद पालथा घालून उजवा बांधायला घेतला आहे; तुमचा आहे तसाच डाव्या बाजूला बसेल. माझं चुकलं म्हणून नव्हे. माझा पंख डावा होता, डावाच असायला हवा होता, आणि तुमच्यापेक्षा सरळ होता. पण कुणाचा फेकायचा हे तिला ठरवावं लागू नये, म्हणून मी तो मोडला. काल जेवताना मुलीलाही सांगितलं: कुणाकडे राहणार, हा प्रश्न या घरात यापुढे नातीला कुणी विचारायचा नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको मोठी माणसं आहात, समोरासमोर बसा आणि ठरवा. मुलगी रडली, माझ्याशी बोलत नाही. चालेल. आता तुम्ही तुमच्या मुलाला हेच सांगायचं आहे, याच शब्दांत, आणि तो चिडला तर चिडू द्यायचं आहे. ते जमलं तरच येत्या रविवारी तुमचा पंख घेऊन या. माझ्याशी बोलायची गरज नाही. जोड पक्का होईपर्यंत एका बाजूने तुम्ही धरायचं, दुसऱ्या बाजूने मी. आणि ते जमणार नसेल, तर पंख कुणाच्या तरी हाती पाठवून द्या आणि तुम्ही येऊ नका.

अजून तरी आपला व्याही,
मास्तर