एकेचाळीस मुलांच्या पोटातली फुलपाखरं

श्रीवर्धन, गुरुवार

ती. तात्यांस सा. नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? इकडे मी खुशाल आहे (पत्रात असंच लिहितात), चहा मात्र रोज उतू जातो.

तुमची बहीण बावीस दिवस तळा गावी तुमच्याकडे का राहिली आहे, हे तिने सांगितलं नसेल. म्हणून मीच सांगतो. महिला मंडळात दुर्गेचं पहिलंवहिलं भाषण होतं. त्या सकाळी ती म्हणाली, "पोटात कसंतरी होतंय." मी पडलो अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवणारा मास्तर. याला इंग्रजीत पोटात फुलपाखरं असणं म्हणतात, असं सांगून मी त्याचा अर्थ, उपयोग, तो नुसत्या भीतीला चालतो की आनंदालाही, हे सगळं (तीन उदाहरणांसह) समजावलं. ती भाषणाला एकटीच गेली आणि परत आली ती बॅग भरायलाच.

पुढच्याच आठवड्यात नववीला तोच वाक्प्रचार आला. नेहमीचं परीक्षेच्या भीतीचं वाक्य सोडून, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी फळ्यावर लिहिलं की बायको अजून परत आली नाही, म्हणून माझ्या पोटात फुलपाखरं आहेत. (इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीत लाज कमी वाटते.) आमची मुलं फळ्यावरचं जसंच्या तसं पाठ करतात, ही सवय मीच लावलेली. घटक चाचणीत एकेचाळीस जणांची बायको परत आलेली नाही. त्यात नेत्रा, हेमाली वगैरे मुलीही आल्या. व्याकरण निर्दोष, त्यामुळे सगळ्यांना पूर्ण गुण द्यावे लागले. मग पेपर पालकांच्या सहीसाठी घरोघरी गेले आणि सगळ्या गावाने अर्थ लावला. दूधवाली सोनाबाई दारातूनच विचारते, "सर, फुलपाखरा गेली का न्हाय?" वर पित्तावर म्हणून आमसुलं देऊन जाते. मी हसतो. दार लावल्यावर हसू येत नाही, तात्या. घर खायला उठतं.

राग मानू नये, ही विनंती.

तुमचा
सलिल

ता. क. तिला पाठवाच, असं मी म्हणत नाही. तळ्याहून सकाळची एसटी इथे साडेअकराला पोचते, एवढंच आपलं कळवून ठेवतो.

ता. क. २ ती माझा फोन उचलत नाही. एकदा उचलायला सांगा. भाषण कसं झालं, हे मी तिला अजून विचारलेलंच नाही.