कांद्यातले गोल

सोमवार, ९ जुलै १९७३

गेले कामातून! विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हेडसरांनी आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात मारलं. मी मराठी-इतिहासवाली! "तात्पुरत्या आहात ना बाई, मग नाही कसं म्हणता?" हेडसर मधुकररावांचा हा एकच मुद्दा, आणि बिनतोड. ऑगस्टअखेर माझा अहवाल तेच लिहिणार. चांगला लिहिला तर कायम. नाही तर बाबांच्या हातमागाशेजारी बसून जन्मभर सुताच्या कांड्या भरा.

पहिलाच धडा — पेशी. म्हणजे काय, देव जाणे.

बुधवार, ११ जुलै

धडा तीनदा वाचला. मजा आहे की! भिंत विटांची, तसं अंग पेशींचं. पण वीट मेलेली, पेशी जिवंत. स्वतः खाते, श्वास घेते, घाण बाहेर टाकते, आणि मोठी झाली की एकीच्या दोन होतात. काही जीव तर एकाच पेशीचे. तेवढ्यात सगळा संसार उरकतात! आणि मीसुद्धा आधी एकच पेशी होते म्हणे. आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मले काय सांगून राहिली वं? मीच होती न तिथं!"

वर्गातही जोरात शिकवलं. तर पुष्पलता उभी राहिली. उमरेडकडची शेतकऱ्याची पोर, इथे मावशीकडे शिकायला असते. "बाई, तुमी पाह्यली काय पेशी?" नाही म्हटलं. "मंग तुमाले कसं मालूम?"

वर्ग हसला, मीही हसले. पण खरंच — मला कसं मालूम?

शुक्रवार, १३ जुलै

शाळेत सूक्ष्मदर्शक आहे! हेडसरांच्या कपाटात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. चावी त्यांच्या कोटाच्या खिशात. मागितला. "भिंग फुटलं तर? डेडस्टॉकच्या रजिस्टरात माझी सही आहे." पेशी पाहायची सोडून फडकंच पाहून आले.

सोमवार, १६ जुलै

पुन्हा मागितला. नाही.

मंगळवार, १७ जुलै

पुन्हा. सर वैतागले — "तुम्ही माशीसारख्या आहात हो!" चावी दिली! अट एकच, शिपाई रामाजी शेजारी उभा राहील. सर स्वतः थांबले नाहीत, गच्चीच्या पायऱ्या तपासायला गेले.

बुधवार, १८ जुलै

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी शाळेआधी बाबांना ताण्याच्या धाग्यांना पिठाची खळ लावायला मदत केली. एकटे किती कुंचा फिरवणार! तशीच धावत शाळेत. कांद्याचा पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वर आयोडीनचा थेंब — आणि सगळं निळंकाळं! कांदा की शाईची दौत? पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हटलं बाटलीच नासकी. आयोडीन गेलं खड्ड्यात, नुसतं पाणी घातलं, वर पातळ काच धपकन टेकवली.

दिसल्या! गोल गोल, चकचकीत, काळ्या काठाच्या. मी ओरडलेच. रामाजीलाही दाखवल्या. "लय साजऱ्या हायेत बाई, मोत्यावानी!"

शुक्रवार, २० जुलै

बेचाळीस पोरींनी रांगेने पेशी पाहिल्या. सगळ्यांनी चित्रं काढली. सुरेख गोल! हेडसर दाराशी आले, वह्या पाहिल्या, इतके खूश की स्वतः खडू घेऊन फळ्यावर एक गोल काढला — "अगदी अशीच असते." म्हटलं, झाले मी कायम!

एकटी पुष्पलता वेगळी. हिने लांबट खोल्या काढल्या, एकीला एक चिकटलेल्या. "गोल सरकून गेले बाई, मी लहान इस्क्रू फिरवला त मांगं हे दिसलं." स्क्रूला हात लावू नका असं बजावलं होतं! लाल फुली मारली.

रविवार, २२ जुलै

ओसरीवर वह्या तपासत होते. बाबा मागावरून उठले, कापडाचे धागे मोजायचं भिंग हातातच होतं. ते वहीवर धरून पाहायला लागले.

"हे कायचं चित्र होय वं?"

"कांद्याच्या पापुद्र्याचं, बाबा. आतून असा असतो."

"एकमेकाले टेकूनच नाही राहिले हे. मंग पापुद्रा धरून कसा राह्यते? फुंकर मारली त सांडून जाईन."

म्हटलं, पुस्तकात तसंच आहे. आहे का पण तसं? उघडून पाहिलं. पुस्तकातलं चित्र मी नीट पाहिलंच नव्हतं! लांबट खोल्या, भिंतीला भिंत. तोवर बाबा पुष्पलताच्या वहीशी पोहोचले होते. "हे पाय. हे इणलेलं दिसते. या पोरीले फुली काहून मारली वं?"

पुष्पलताची वही वेगळी काढून ठेवली.

सोमवार, २३ जुलै

शाळा भरायच्या आत गेले. खळीला शिवले नाही, हात साबणाने दोनदा धुतले. बाबांनीच डोकं चालवलं होतं — "तुह्या हाताले खळ होती न त्या दिवशी? रंग खळीवर चढला असंन." नवा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वरची पातळ काच हळूच तिरपी टेकवली.

निळंकाळं काही नाही. फिकट पिवळ्या खोल्या, शेजारी शेजारी, पार दिसेनाशा होईपर्यंत. प्रत्येकीत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. रडूच आलं मला. बाजारातला साधा कांदा, आणि आत एवढी वस्ती! मग काच मुद्दाम धसमुसळेपणाने टेकवली. आले लगेच ते मोती! हवेचे बुडबुडे!

पिठावर आयोडीन निळं होतं हे पुढच्याच धड्यात लिहिलंय. पुढचा धडा वाचते कोण!

मंगळवार, २४ जुलै

हेडसरांना सांगितलं. चेहरा पडला त्यांचा. "झालं ते झालं. वर्गात बोलू नका. बाईच चुकतात म्हटल्यावर पोरी उद्या काय ऐकतील?"

"पण सर, पोरी हवेलाच पेशी समजतील."

"परीक्षेत गोल काढले तर मार्क मिळतील, मी पाहीन. आणि बाई, अहवाल लिहायचाय मला. लक्षात ठेवा."

घाबरले. खोटं कशाला लिहू, फार घाबरले. पगारावर घर आहे, मागाचं आता काही खरं नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, "चुकीचा धागा दिसला का तिथंच तोडा लागते. नाही त मंग आखं थान उसवा लागते." सोपं आहे त्यांना बोलायला!

बुधवार, २५ जुलै

सांगून टाकलं!

"पोरींनो, मी चुकले. ते गोल म्हणजे हवा. एकेचाळीस वह्यांत मी हवेला 'बरोबर' दिलंय!" मग जो हशा उसळला! मीही पोट धरून हसले. पुष्पलताला पुढे बोलावून फुली खोडली, खाली 'शाब्बास' लिहिलं. ती लाजून वेणीचं टोक चावायला लागली. मग पुन्हा रांग, पुन्हा कांदा. स्क्रू जिने तिने फिरवायचा! एकीने विचारलं, "बाई, आपल्या गालातल्या पेशी कशा दिसत असतीन?" उद्या पाहू म्हटलं. इतका वर्ग रंगला की घंटा कुणाला ऐकू आली नाही.

मागे वळले तर दारात हेडसर. कधीपासून उभे होते कोण जाणे. पाठ फिरवून निघून गेले.

गुरुवार, २६ जुलै

सरांनी नमस्कारही घेतला नाही. पोरींच्या गालातल्या पेशी मात्र झकास दिसल्या.

शुक्रवार, २७ जुलै

रामाजी म्हणतो, सरांनी माझी फाइल मागवली. आईने हळूच कांड्यांची टोपली माझ्याजवळ सरकवली. मी भरत बसले.

शनिवार, २८ जुलै

शाळा सुटल्यावर हेडसरांनी बोलावलं. मन घट्ट करून गेले. टेबलावर सूक्ष्मदर्शक, पिवळं फडकं बाजूला. शेजारी अर्धा सोललेला कांदा. रामाजीला त्यांनी चहाला पिटाळलं आणि खाली मान घालून म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली बाई. पोरायले गोलच काढून देऊन राहिलो. मले तेच दिसले होते. जरा लावून द्या."

लावून दिलं. सरांनी डोळा टेकवला. कितीतरी वेळ उचललाच नाही. मग तसेच वाकलेले असताना म्हणाले, "कपाटाची चावी तुमच्यापाशीच असू द्या. पुढच्या वर्षीही आठवी तुम्हालाच घ्यायची आहे."