तक्रार : नाही

चिमे,

मी तुझ्याच शाळेत जातेय. दूध गॅसवर आहे, तेवढं गरम करून घे.

काल तू विचारलंस, "मुलींच्या संडासाची कडी तुटलीय हे पालकसभेत सांगितलंस ना?" मी म्हटलं, हो, मोठ्या बाई बघते म्हणाल्या. ते खोटं होतं. "सोयींबद्दल कुणाची काही तक्रार?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा समोर सहा जणींचे वडील बसले होते आणि माझ्या तोंडून संडास हा शब्द निघेना. दिवसभर लघवीचे नमुने तपासणारी तुझी आई तिथे लाजली. वर अक्षर चांगलं म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्याकडेच असतं. त्यात "तक्रार : नाही" हेही मीच लिहिलं.

लॅबमध्ये कुणी न तपासता 'नाही' लिहिलं तर मी त्याला सोडत नाही. इथे तर मला माहीत होतं. तुझी पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते आणि ती मीच सिंकमध्ये ओतते.

इतिवृत्तावर बाईंची सही आज व्हायची आहे. त्याआधी ती ओळ खोडून कडीचं लिहिते आणि बाईंना वाचून दाखवते. तक्रार माझ्या नावाने असेल, तुझं नाव कुठे येणार नाही.

बाटली भरून ठेवली आहे, पण सगळं पाणी पी असं आज म्हणत नाही. कडी बसली की मी स्वतः आत जाऊन लावून बघेन. मग सांगेन.

आई