सावली न पडलेलं पाणी

सानगडी, ता. साकोली
ऑगस्ट १९८३

प्रिय टिकाराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. धानाचा रोवणा सुरू आहे, आणि संध्याकाळी घरी आले की पेन धरायलासुद्धा बोटं वळत नाहीत. पायांना चिखल्या झाल्यात. तुझे भाऊजी त्यांना हळद-तेल लावून देतात आणि वर मलाच ऐकवतात की तू आता म्हातारी झालीस. स्वतःचे गुडघे मात्र त्यांना दिसत नाहीत. आज पावसाने झोडपून काढलंय, रोवणारणी आल्या नाहीत, म्हणून भर दुपारी लिहायला बसले.

तुझं पुस्तक निघणार हे वाचून मी अशी काही रडले, की शेजारच्या शकुनबाईला वाटलं कोणी गेलं. अरे, किती वर्षं झाली! जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ड्यूटीवरून आल्यावर तू लिहायचास, आणि पोस्टमन 'साभार परत'ची पाकिटं आणून द्यायचा. लग्न होऊन नुकतीच आलेली उषा बिचारी ती तुझ्या नजरेआड ठेवायची. आता तेच संपादक राखीला तुझ्यासोबत आपल्या धानाच्या बांधीवर येणार, मुखपृष्ठासाठी सारसांच्या जोडीचा फोटो काढणार. हे सगळं सारसांवरच्या त्या एका कवितेने केलं. यंदा सारस आले का, असं तू विचारलंस. सांगते. पण आधी मनातलं थोडं सांगू दे, रोज चिखलात वाकून वाकून ते मनातच राहून गेलंय.

तुझी कविता एक्याऐंशीच्या दिवाळी अंकात आली तेव्हा मी ती घरोघरी वाचून दाखवली होती. तुला मुळाक्षरं मी शिकवली, तेवढं मिरवण्याचा हक्क मला आहेच. तुझे भाऊजी ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "चांगली हाये. पन याच्यात आपन कुठी आहो?" तेव्हा मी त्यांची थट्टा केली. यांना कवितेतलं काय कळतं, म्हटलं. नंतर मात्र चूल पेटवताना, धानाच्या रोपांचे पऱ्हे खणताना, तो प्रश्न मला चावत राहिला. तू लिहिलंस, 'माणसाची सावली न पडलेले पाणी'. ओळ किती सुंदर आहे रे. पण त्या पाण्यात मी लग्न होऊन आल्यापासून वाकलेली आहे. ते पाणी तलावाचं, तलावाची पाळ माणसांनीच घातलेली, आणि दरवर्षी उन्हाळ्यात गावातली माणसंच तिच्यावर माती टाकतात. सारस घरटं करतात ते आपल्याच धानाची रोपं उपटून. तुझे भाऊजी तो कोपरा त्यांना सोडून देतात, आणि शेजारच्या बांधीचा यादोराव त्यांना त्यावरून वेडा म्हणतो. पाखरं अंड्यांवर बसली की त्या बाजूला रोवताना बायका गाणं म्हणत नाहीत, कुजबुजतसुद्धा नाहीत. दिवसभर गाण्याशिवाय रोवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. गाण्यावाचून कंबर दुप्पट दुखते.

यातलं तुझ्या कवितेत काही नाही. मी बोल लावत नाही. तू सुटीच्या दिवशी येतोस, बांधीच्या काठाला धुऱ्यावर उभा राहतोस, आणि धुऱ्यावरून ते तसंच दिसतं. आभाळ, पाणी आणि दोन पाखरं. मलाही कधीकधी पाठ सरळ करून पाहिलं की तसं दिसतं, आणि बरं वाटतं. फक्त वाचणाऱ्यांना वाटलं, की इथे कोणाचंच काही नाही.

गेल्या वर्षीचं मी तुला कळवलं नव्हतं. तुझ्या कौतुकाचे दिवस होते, त्यात विरजण कशाला घालायचं म्हणून गप्प बसले. कवितेखाली तू गावाचं नाव घातलं होतंस ना, ते वाचून आधी स्कूटरवरून दोघं-तिघं आले. कवीची बहीण म्हणून मला नमस्कार केला, मी हुरळून त्यांना चहा पाजला. मग एका रविवारी जीप भरून लोक आले. जवळून बघायचं म्हणून पोटऱ्यात आलेल्या धानातून सरळ आत शिरले. आम्ही बाजाराला गेलो होतो. जोडी उठून तलावाच्या पलीकडे गेली आणि अंधार पडेपर्यंत तिथून ओरडत राहिली. आम्ही परत येईपर्यंत अंडी कावळ्यांनी फोडली होती. तुडवलेलं धान तुझ्या भाऊजींनी हाताने एकेक उभं करून पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुला शिव्या देतील असं मला वाटलं होतं, पण तुझं नावही त्यांनी काढलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, आले. त्याच कोपऱ्यात घरटं केलंय आणि मादी बसलीय. बाहेरच्या कोणालाही आम्ही सांगितलं नाही. परवा कोणी मोटरसायकलवाला विचारत आला, तर यादोरावाने त्याला इथे नुसते बगळे असतात म्हणून वाटेला लावलं. वेडा म्हणणारा तोच, आणि राखणही आता तोच करतो.

टिकाराम, काल मी तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याले म्हनाव, सारस गेले म्हनून लिहून टाक. त्याचं लिहिलेलं लोक खरं मानतेत." मला भीती वाटली, कारण तोवर माझ्याही मनात तेच आलं होतं. डोळ्यांनी न पाहिलेलं तू लिहीत नाहीस, हे मला माहीत आहे. तरी एक कविता लिही. जोडी गेली, बांधी सुनी झाली, आता तिथे बघण्यासारखं काही नाही, अशी. चांगली लिही, वाचणाऱ्याने इकडची वाटच सोडली पाहिजे. ती पुस्तकाच्या शेवटी घाल आणि संपादकांना आधीच वाचून दाखव. मुखपृष्ठाचा फोटो जाईल, ते नाराज होतील, कदाचित पुस्तकच लांबेल. मी काय मागते आहे ते मला कळतं, म्हणूनच तर आठवडाभर पेन उचललं नाही. आणि राखीला तूही येऊ नकोस. तू निघालास की तुझ्या मागोमाग ते येतील. राखी या पाकिटात आहे, उषाकडून बांधून घे. आजवर तू ताटात जे घातलंस ते मी न बघता घेतलं. यंदा पहिल्यांदा तोंडाने मागते आहे. ओवाळणीत मला ती खोटी कविता घाल.

तुझीच,
चंद्रकलाताई