मेलेल्या हातातली आग

४ ऑक्टोबर १९७९
डावा हात मेलेलाच. सुलूने आज टाचणी टोचून पाहिली, पोरीला वेडी आशा. काही कळलं नाही. तरी बोटं जळतात. मूठ आवळलेली वाटते, नखं तळव्यात रुततात. बघतो तर पंजा गळ्यातल्या झोळीत सैल पडलेला. स्कूटरवरून पडलो त्याला सात महिने. दुखणं आज सोळापैकी चौदा आणे. अंगात दुसरंच कोणी राहायला आलंय असं वाटतं. भीती वाटते, खरंच.

९ ऑक्टो.
नवे डॉक्टर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी म्हटल्यावर हसले. "मग तुम्हाले लवकर समजेल. मानेपाशी नसा मुळातून उपटल्या. लाइन तुटली, पण मज्जारज्जूतल्या एक्स्चेंजमध्ये घंटी वाजूनच राहिली." फिटची गोळी लिहिली. मला फिट येत नाहीत, म्हटलं. "माहीत आहे. भडकलेल्या नसांले शांत करते ती. लाइन जुळणार नाही, घंटी कमी होईल."
सौ.ने डबीवरचा कागद खरवडून काढला. सुलूचं लग्न काटोलला जमत आलंय, साक्षगंध व्हायचंय. कोणी वाचलं तर?

१७ ऑक्टो.
सहा आणे! जेवताना ध्यानात आलं, अर्धा तास हात आठवलाच नव्हता. ताटावर रडू आलं. सौ. घाबरली, "काय झालं जी?" "दुखत नाही वं," म्हटलं.

२४ ऑक्टो.
डोस वाढवल्यापासून चक्कर, एकाचे दोन दिसतात. इतवारीत साक्षगंधासाठी भांडी बघायला गेलो. दुकानापुढे भोवळ आली, खाली बसलो. कोणीतरी ओरडलं, "मिरगी हाय! चप्पल हुंगवा गा त्याले!" मी शुद्धीत होतो, जीभ तेवढी जड. शेवटी हुंगली. लोकांना बरं वाटलं. मान वर केली तर गर्दीत काटोलच्या मुलाचे मामा.

२६ ऑक्टो.
काटोलहून माणूस आला. घरात मिरगी असेल तर साक्षगंध थांबवू म्हणतात. हाताच्या दुखण्याला फिटची गोळी, यावर कोण विश्वास ठेवणार? माझाच बसला नव्हता. सांगून टाकलं, उपाशीपोटी घेरी आली, गोळीबिळी काही चालू नाही. सौ. म्हणाली, "आता बंदच करा जी. पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या, मग खा किती खायच्या तं."
बंद केल्या.

३० ऑक्टो.
सोळा आणे. मूठ पुन्हा आवळली. कोणीतरी एकेक बोट दारात धरून चिरडतंय. साहेबांनी दुपारीच घरी पाठवलं. हात कापून टाका म्हणावंसं वाटतं, पण दुखणं त्यात नाहीच, कण्यात आहे. हात गेला तरी ते राहील. मला ठाऊक आहे, ते कुठेच जाणार...

२ नोव्हें.
सुलू काल विचारत होती, "बाबा, गोळ्या काहून सोडल्या?" मी विषय बदलला. आईकडून काढून घेतलंच तिने. आज सकाळी डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये घालून निघाली, काटोलला, एकटी.
"सांगून येते त्याइले गोळी कायची हाय ते. मोडलं तं मोडलं. तुमच्या कण्हण्यावर मले संसार नाही मांडायचा."
बापाने अडवायला हवं होतं. नाही अडवलं. कारण चांगलं नाही: मला गोळी हवी होती. ती गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मी घरात येऊन डबी उघडली. पाणी सौ.नेच दिलं, माझ्याकडे न बघता.