गच्चीवरचा पालक

१२ जानेवारी
पालेभाज्यांतलं शिसं मोजायचं काम सुरू. नाल्याकाठच्या मळ्यांतून नऊ नमुने आलेत. तुलनेसाठी स्वच्छ भाजी कोणीतरी घरून आणायची, ही आमच्या प्रयोगशाळेतली रीत. यंदा पाळी माझी. सासूबाईंच्या गच्चीवरचा पालक नेला. ना खत, ना फवारणी — मोठ्या तोऱ्यात नेला!

१५ जानेवारी
सगळ्यात जास्त शिसं आमच्याच पालकात! उन्मेष सर हसले. म्हणाले, भांडी नीट धुतली नसतील. डोकंच फिरलं माझं. चार वर्षांत अशी चूक केलेली नाही मी.

१६ जानेवारी
नवं ॲसिड, नवी भांडी. नुसतं ॲसिड मोजून पाहिलं — स्वच्छ. पालक पुन्हा तसाच. मर्यादेच्या चौदा पट.

कुंड्या! माझ्या नवऱ्याच्या, चेतनच्या दुकानातल्या जुन्या, शिशाच्या बॅटऱ्यांचे डबे. त्यानेच कापून, तीनदा धुऊन आईंना दिले होते. सासरे गेल्यावर आई तीन महिने कोणाशी बोलल्या नव्हत्या. पहिले कोंब दिसले तेव्हा गच्चीवरून मला हाक मारली त्यांनी.

आणि माझी तारा. अडीच वर्षांची. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी सांगितली, तर आई रोज वाटीभर पालक भरवतात. शिशानेही रक्त कमी होतं. हे मला माहीत होतं. मी कामच हे करते! लाज वाटते.

१७ जानेवारी
ताराचं रक्त तपासायला दिलं. आईंना खरं सांगायला गेले आणि बोलले काय — "आई, ताराला पालक देऊ नका. पचत नाही तिला."

"काहून वं? आतापर्यंत त पचत होता."

आणि वाटी उचलून तडक आत गेल्या. चेतन म्हणतो, रिपोर्ट येऊ दे, मग बसून सांगू. मीही बरं म्हटलं. भित्री मेली!

१९ जानेवारी
आई अजून नीट बोलत नाहीत.

२२ जानेवारी
रिपोर्ट आला. ताराच्या रक्तात शिसं आहे. पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आता पोटात जाणं थांबलं की हळूहळू उतरेल. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. उद्या सकाळी आईंना सगळं सांगणार.

२३ जानेवारी
सांगितलं. पोरीले चालत नाही म्हणून फेकायचा काहून, असं म्हणून गेले पाच दिवस आई तो पालक कोपऱ्यावरच्या अंगणवाडीत देऊन राहिल्या होत्या. रोज खिचडीत पडतो. बावीस लेकरं जेवतात.